ज्याच्या त्याच्या चिठ्ठ्या

८ जानेवारी

प्रिय वन्संबाई,

फोन उचलत नाही म्हणून माझ्या नावाने बोटं मोडत असशील. अगं, उचलून बोलू काय? आई शेजारीच बसलेल्या असतात, कान टवकारून. ‘हो’ म्हटलं की विचारतात, कोण आजारी आहे? ‘नाही’ म्हटलं की विचारतात, कधी गेले? म्हणून हे पत्र. दुपारी त्यांचा डोळा लागला की चार ओळी खरडते.

परवाची गंमत ऐक, म्हणजे गंमत म्हणायची झाली तर. मी अंघोळीला गेले तेवढ्यात तुझ्या दादाचा शर्ट अंगात आणि माझी पर्स काखेत मारून बाईसाहेब बाहेर! कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेल्या, थेट काउंटरच्या आत शिरल्या आणि बाटल्या लावायला बसल्या. दुकानदार ओळखीचा म्हणून निभावलं. वर तो म्हणतो, “बाटल्या अगदी बरोबर लावल्या हो त्यांनी.” गेल्या आठवड्यात गॅस चालू ठेवला. कपाटं उपसणं तर रोजचंच. माझ्या साड्या त्यांच्या गादीखाली, दादाचे मोजे फ्रीजमध्ये. ‘हे माझं आहे’ म्हटलं की चिडतात, परवा हात उगारला माझ्यावर.

ग्रंथालयातली माझी रजा संपून गेली. साहेब चांगले आहेत, पण किती दिवस चांगले राहतील? तुझा दादा तोंडाने काही बोलत नाही, पण रविवारी गुपचूप अशा म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी एक संस्था बघून आला. एक मार्चपासून तिथे खाट रिकामी होते आहे. त्याने मला सांगितलं तेव्हा मी ‘नको’ म्हणाले नाही. खोटं कशाला लिहू, तेवढी ताकदच नव्हती.

तुझी वहिनी

१५ जानेवारी

प्रिय वहिनी,

‘संस्था’ वाचलं आणि लगेच लिहायला बसले. लांब बसून सल्ले देणारी नणंद म्हण, काय हवं ते म्हण, पण एवढं ऐक. एप्रिलच्या विसाव्या तारखेला माझी सुट्टी लागते. मी येते आणि सुट्टीभर आईचं सगळं मी बघते, तू नुसती झोपा काढ. तोवर तिला कुठे पाठवू नका. तिने नर्स म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाटांशेजारी रात्री काढल्या. आता परक्या खाटेवर टाकायचं तिला?

आणि एक युक्ती सुचवते. हसू नकोस.

नववीच्या वर्गाला मी सध्या अपॉस्ट्रॉफी शिकवते आहे. आपल्याकडे चा-ची-चे लावलं की काम भागतं. इंग्रजीत नावाच्या शेवटी डोक्यावर ते स्वल्पविरामासारखं चिन्ह टांगायचं आणि मग एस. फळ्यावर शंभरदा लिहून दिलं, पोरं ढिम्म! एक तर ते चिन्ह विसरतात, नाहीतर मीठ भुरभुरल्यासारखं सगळीकडे टाकतात. शेवटी चिकटचिठ्ठ्या आणल्या आणि म्हटलं, वर्गातल्या प्रत्येक वस्तूवर ती कुणाची ते लिहून चिकटवा. नियम एकच, एकही वस्तू बेवारस राहता कामा नये. काय धुमाकूळ घातला म्हणून सांगू! टेबल बाईंचं, डस्टर मॉनिटरचं, खिडकी लंबूची, कारण काच त्यानेच फोडली. खुर्ची बाईंची की शाळेची, यावर दोघं हातघाईवर आले. पण तासाभरात जे डोक्यात शिरलं ते महिनाभराच्या फळ्याने शिरलं नव्हतं.

तेच घरी कर. आईला अजून वाचता येतं, बाटल्या नावं वाचूनच लावल्या ना तिने? आणि नावाची चिठ्ठी म्हणजे तिचा जीव की प्राण. तिच्या वॉर्डात प्रत्येक खाटेचा पेला वेगळा, त्यावर नंबर. एकाचा पेला दुसऱ्याला दिला म्हणून तिने एका डॉक्टरला सगळ्यांदेखत झापलं होतं. तिला ‘हे माझं’ असं तोंडाने सांगू नकोस. लिहून लाव. लिहिलेलं ती मोडणार नाही.

सगळ्या वस्तूंना लाव हं, एकही सोडू नकोस.

तुझी मास्तरीण

२ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाई,

साष्टांग दंडवत! तुझे पाय कुठे आहेत ते कळव.

ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर लावतो त्या पांढऱ्या चिठ्ठ्या आणल्या आणि एका रविवारी आम्ही नवरा-बायको घरभर फिरलो. दादाचं कपाट. वहिनीची पर्स. दादाचे मोजे. आईची खुर्ची, आईचा पेला, आईची खाट, आईचा टॉवेल. अक्षर ठसठशीत काढलं, आईंना चष्म्याशिवायही वाचता येईल असं. तुझ्या दादाने स्वतःच्या कपाळावर ‘वहिनीचा’ अशी चिठ्ठी लावून घेतली आणि तसाच दूध आणायला निघाला होता. कित्येक महिन्यांनी आम्ही दोघं हसलो.

आणि आई! दुसऱ्या दिवशी उठल्या, हात मागे बांधून सगळ्या खोल्या फिरल्या. प्रत्येक चिठ्ठी वाचली. शेवटी म्हणाल्या, “आता कसं शिस्तीत आहे.” तेव्हापासून कपाटाला हात नाही. शर्ट नाही, पर्स नाही, गॅसवर ‘वहिनीचा’ लिहिलंय तर शेगडीच्या आसपासही फिरकत नाहीत. आठ दिवस मी श्वास रोखून होते. मग शेजारच्या काकूंना मधूनमधून डोकावायला सांगितलं आणि सोमवारपासून कामावर रुजू झाले. अकराला जाते, पाचला येते. घर जसं सोडून जावं तसंच सापडतं.

एकच विचारायचं आहे. पाण्याचा जग, जेवणाचं टेबल, संडास-बाथरूम, ही कुणाची म्हणून लिहू? तुझा नियम मोडायला नको.

तुझी वहिनी

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा रडले. आनंदाने हं.

तू विचारलंस तिथेच माझीही गाडी अडते. एकाचं असेल तर पोरं बरोबर लिहितात, अनेकांचं आलं की बोंब. मुलींची खोली म्हणजे एकीची की सगळ्यांची, त्यावरून ते चिन्ह पुढे-मागे सरकतं. माझे पुढारी म्हणतात, “बाई, सगळ्यांचं असेल तर लिहायचंच कशाला?” तू सरळ ‘घरातल्यांचं’ असं लिही. घरातल्यांचं बाथरूम, घरातल्यांचा जग. आईही त्यातच आली.

दादाला सांग, संस्थेतली ती खाट दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका म्हणून कळव.

तुझी नणंद

४ मार्च

प्रिय वन्संबाई,

खाट नको म्हणून कळवलं. तुझ्या दादाने स्वतः फोन केला. वर मला म्हणतो, “माझ्या बहिणीचं डोकं आहे हे, उगाच नाही शाळा चालवत.” चालव हो, शाळाही चालव आणि आमचं घरही.

आई अगदी शांत झाल्या आहेत. इतक्या, की कधीकधी मी त्यांना शोधते. खुर्ची सोडून दाराजवळ जमिनीवर बसतात, पदर सावरून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या. मी उठवते, ‘आईची खुर्ची’ दाखवते, तर म्हणतात, “नको, त्यांना लागेल.” वाऱ्याला बरं वाटत असेल दाराशी. पूर्वी दिवसातून दहा वेळा बाथरूमच्या खेपा असायच्या, कपडे ओले व्हायचे. आता तेही बंद. थोड्या वाळल्यासारख्या वाटतात, पण या वयात जाडजूड कोण असतं?

कालचा किस्सा तुझ्यासाठी राखून ठेवलाय. मी कामावरून आले, तर आई उठून उभ्या राहिल्या आणि एकदम कडक आवाजात म्हणाल्या, “तुम्ही घरातल्या का? तुमच्या आईंनी सकाळपासून पाणी घेतलेलं नाही. पेला भरलेला तसाच आहे. असं चालणार नाही, लक्ष द्या पेशंटकडे.” आणि खरंच, ‘आईचा पेला’ काठोकाठ भरलेला! मी म्हटलं, “हो सिस्टर, देते लक्ष.” आणि स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसले.

तुझी वहिनी

१२ मार्च

प्रिय वहिनी,

‘लक्ष द्या पेशंटकडे’! मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं, तर चित्रकलेच्या सरांना ठसका लागला. तू अशी लिहितेस की आई डोळ्यांसमोर उभी राहते. ही माझी आई आहे ग, निवृत्त होऊनही निवृत्त न झालेली.

तुझ्या लग्नाआधी ती लोकांच्या घरी जाऊन पेशंट सांभाळायची, तुला माहीत नसेल. दिवसभर तिथे राहायची, पण त्या घरच्या पाण्याचा थेंब घ्यायची नाही. त्यांचं बाथरूमही वापरायची नाही. म्हणायची, ड्युटी म्हणजे ड्युटी, घरातल्यांच्या वस्तूंना हात लावायचा नाही. संध्याकाळी घरी आली की चप्पल न काढता आधी तांब्या तोंडाला लावायची. मी आणि दादा मोजायचो, किती घोट झाले ते. कसली बाई होती!

पोरांची चाचणी झाली. निम्म्यांना आलं, निम्मे अजून मीठ भुरभुरताहेत. एप्रिलच्या विसाव्या तारखेला येतेच आहे.

तुझी नणंद

९ एप्रिल

वन्सं,

आई गेल्या, तूही परत गेलीस, आता घर अंगावर येतंय. परीक्षा होत्या, तुला जावं लागलं, ते कळतं मला. पण तू इथे होतीस तेव्हा जे बोलता आलं नाही, ते लिहिल्याशिवाय माझा घास उतरणार नाही.

दादाने तुला सांगितलं की वय झालं होतं. त्यालाही तेच वाटतं. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “यांना पाणी कोण देत होतं?” मी म्हटलं, “हाताशीच असतं.” ते म्हणाले, अंगातलं पाणी आटलंय, लघवी तुंबून जंतू झालेत, मूत्रपिंडं थकली आहेत. एका दिवसात होत नाही हे.

आणि मग त्या दुपारी वॉर्डातली एक तरुण नर्स आली. तिला कुणी सांगितलं होतं की या जुन्या सिस्टर आहेत. मी सकाळपासून चमच्याने पाणी देत होते, तर आई दात घट्ट मिटून होत्या. ती पोरगी वाकून म्हणाली, “सिस्टर, तुमची ड्युटी संपली. चला, पाणी प्या.” आणि आईंनी तिच्या हातून अख्खा पेला संपवला ग. मग दुसरा मागितला. त्या पाणी पिताना मी बघत होते आणि मला सगळं कळलं. आपण हसलो होतो ना, ते कळलं. त्या स्वतःला आई समजतच नव्हत्या. ‘आईचा पेला’ त्यांना दुसऱ्याच कुण्या बाईचा वाटत होता, आणि बाकी सगळ्यावर तर आपण ‘घरातल्यांचं’ म्हणून लिहून ठेवलं होतं. त्या घरात ड्युटीवर होत्या. रोज अकरा ते पाच तहानलेल्या, दाराशी जमिनीवर, कारण बसायलाही काही ठेवलं नव्हतं आपण.

संध्याकाळी मी समोर बसवून दिलं की दोन घोट घ्यायच्या. मला वाटायचं, दिवसा पीत असतील. वाटायचं काय, तसं वाटून घेणं सोयीचं होतं. मला कामावर जायचं होतं.

दादाला सांगू नकोस. तो मला काही बोलणार नाही, आणि तेच मला झेपणार नाही.

वहिनी

१६ एप्रिल

वहिनी,

मला सगळं माहीत होतं. तुला नव्हतं, मला होतं. ती परक्या घरचं पाणी पीत नाही, बाथरूम वापरत नाही, हे मी माझ्याच हाताने तुला लिहिलं, वर ‘कसली बाई होती’ म्हणून कौतुक केलं. होती! ती तेव्हा तुमच्या दाराशी बसलेली होती आणि मी ‘होती’ लिहीत होते. तू कामावर गेलीस यात तुझा काय दोष? तुला जा म्हणून चिठ्ठ्या मीच दिल्या.

आज पेपर तपासत होते. एका मुलीने सगळी चिन्हं अचूक दिली आहेत. मला तिला गुण देववेनात. पेपर तसाच उलटा करून ठेवला.

दादाला नको सांगूया. त्याचं एवढं एक समाधान राहू दे.

तुझी नणंद

२५ एप्रिल

प्रिय धाकटीस,

तुला ठाऊक आहे, फोनवर मला बोलता येत नाही. समोर तर त्याहून नाही. म्हणून लिहितो.

सुट्टी लागून पाच दिवस झाले तरी तू आली नाहीस. समजू शकतो. पण एक सांगायचं राहून गेलं. आईचे शेवटचे महिने फार शांततेत गेले. आरडाओरडा नाही, रुसवा नाही. मी तर तिला त्या संस्थेत टाकायला निघालो होतो, जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. ती आपल्या घरात, आपल्या माणसांत राहिली ते तुझ्या चिठ्ठ्यांमुळे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. ही असं ऐकलं की उठून आत जाते. हिला फार लागलंय ग.

तुझ्या युक्तीचा आणखी एका घराला उपयोग झाला, हे ऐकून तुला बरं वाटेल. माझ्या कचेरीतले हेडक्लार्क, त्यांच्या वडिलांना हेच दुखणं. रेल्वेत गार्ड होते. मी सगळी पद्धत समजावून दिली, उरलेल्या चिठ्ठ्याही दिल्या. एकही वस्तू सोडायची नाही, हा तुझा नियम आवर्जून सांगितला. काल भेटले, म्हणाले, आठवडा झाला, वडील एकदम गप्प आहेत, आम्ही नवरा-बायको दोघंही निर्धास्त कामावर जातो. तुझे आभार मानायला सांगितलेत.

तुझा दादा

२८ एप्रिल

दादा,

मघाशी फोनवर ओरडले त्याबद्दल रागावू नकोस. ‘आत्ताच्या आत्ता त्यांच्या घरी जा, चिठ्ठ्या काढायला लाव आणि तुझ्या डोळ्यांदेखत त्यांना पाणी पाजायला लाव,’ एवढंच मला सुचलं. तू ‘पण का?’ म्हणालास आणि मी फोन ठेवला. त्याचं उत्तर हे.

आई वयाने गेली नाही. पाणी न मिळून गेली. पेला भरलेला होता, पण आम्ही त्यावर ‘आईचा’ लिहिलं होतं, आणि आपण आई आहोत हे तिच्या ध्यानात नव्हतं. ती स्वतःला आपल्या घरातली नर्स समजत होती आणि परक्या घरचं पाणी ती पीत नसे, हे तुला आणि मला लहानपणापासून माहीत आहे. ती वहिनीला सांगायची की पेशंट पाणी घेत नाही. वहिनीने मला लिहिलं. मी हसले. लोकांना वाचून दाखवलं.

हे वहिनीला दवाखान्यात कळलं. तिने मला सांगितलं आणि तुला सांगू नकोस म्हणाली. मी शब्द दिला होता, आज मोडते आहे, कारण त्या घरात अजून कुणीतरी जिवंत आहे. बोलायचं ते मला बोल. तिला नको. मी तुझ्या तोंडावर यायला घाबरले, म्हणून आले नाही.

धाकटी

५ मे

धाकटे,

फोन ठेवल्यावर लगेच गेलो. म्हातारे गृहस्थ दाराबाहेर पायरीवर बसले होते. चिठ्ठ्या आम्ही दोघांनी मिळून काढल्या. त्यांच्या सुनेने पाणी आणलं, तर “गाडी अजून स्टेशनात लागली नाही” म्हणून घेईनात. मग हेडक्लार्क म्हणाले, “गाडी लागली, गार्डसाहेब, आता निवांत प्या.” तेव्हा प्यायले. हेडक्लार्कांना मी कारण सांगितलं नाही. तेव्हा मला माहीतच नव्हतं. पत्र नंतर आलं.

पत्र वाचून हिला काही बोललो नाही. तिने माझ्या हातात ते पाहिलं आणि समजली. आम्ही दोघं एका खोलीत असतो, एवढंच.

तुझं म्हणणं की तू हसलीस. ती म्हणते, तिला सोयीचं होतं. आता माझंही ऐक.

मार्चमधल्या एका रविवारी ही बाहेर गेली होती. मी पेपर वाचत होतो. आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि हलक्या आवाजात विचारलं, “तुमच्या आई कुठे आहेत?” पूर्वी रोज शंभर प्रश्न असायचे तिचे. ‘अगं, तूच माझी आई’ म्हटलं की ती घाबरायची, रडायची, मग समजूत घालत अर्धा दिवस जायचा. मला कंटाळा आला होता. मी पेपरमधून डोकं वर न काढता म्हणालो, “आत झोपली आहे.”

ती ‘बरं’ म्हणाली. चपला हातात घेतल्या, पाय न वाजवता गेली आणि तिच्याच खोलीच्या बंद दाराशी जमिनीवर बसली. संध्याकाळपर्यंत बसून होती. मी दोनदा तिला ओलांडून गेलो, तर बोट ओठांवर ठेवून मला गप्प राहायला सांगत होती.

दादा